अकरा ते पाच : हायस्कूलच्या शिक्षकाच्या कामाची हकीकत



शिक्षकांविषयी बोलावयास आपण शिक्षणतज्ज्ञाला न बोलावता कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावले, याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. आम्हालाही वाटले. आमचे शालेय शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे काही शिकलो ते साखर कारखान्याच्या गेटवर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे विषय हाती आल्यावर आम्ही आमच्या सवयीचा प्रश्न प्रथम विचारला. हा माणूस दिवसाचे तास किती काम करतो? कारखान्यातल्या कामगाराला हा प्रश्न केला तर तो पाळी सांगतो, भोंगा सांगतो, ओव्हरटाइमचा दर सांगतो. हायस्कूलच्या चार शिक्षकांना विचारले, तेव्हा एक जण म्हणाले, "अकरा ते पाच," आणि बाकीचे तिघे हसले. ते का हसले, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मुरगूड हे जुन्या कोल्हापूर संस्थानातले, कागलकर घाटग्यांच्या जहागिरीतले गाव. गावाजवळच्या तलावाला ज्या सर पिराजीरावांचे नाव आहे, ते राजर्षी शाहू छत्रपतींचे धाकटे बंधू. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला, ही गोष्ट आपणांस ठाऊक आहेच. परंतु ती सक्ती प्राथमिक शाळेपुरती होती. त्यापुढे इंग्रजी शिकावयाचे तर मुलाने कोल्हापूर गाठावे, १९०१ पासून महाराजांनी उभ्या केलेल्या बोर्डिंगांपैकी एखाद्यात जागा मिळवावी आणि मग राजाराम हायस्कुलाची पायरी चढावी. खेड्यातल्या दहांपैकी नऊ घरांना ती पायरी दिसतही नव्हती.

त्या काळच्या हायस्कूल मास्तरांचे काम कठीण होते, परंतु त्याला कड होती. पायरी चढून जो विद्यार्थी आला त्याला शिकवावयाचे, मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला बसवावयाचे, आणि घरी जाऊन वह्या तपासावयाच्या. जो आला नाही त्याची जबाबदारी मास्तरांवर नव्हती. हा भेद आपण ध्यानात ठेवावा, कारण पुढचा सगळा बदल येथून सुरू होतो.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी मॅट्रिकच्या जागी एस. एस. सी.ची पहिली परीक्षा झाली. कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून जी वाट पाडली होती, त्या वाटेने आता गावोगावच्या संस्था निघू लागल्या. वेदगंगेच्या वरच्या अंगाला, गारगोटीस १९५२ साली मौनी विद्यापीठ उभे राहिले. त्यामागे आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक होते. तेच नाईक पुढे १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. देशाच्या शिक्षणाचा आराखडा लिहिणाऱ्या माणसाने आपल्या शेजारच्या तालुक्यात आधी शाळा चालवून पाहिली होती, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

हायस्कूल खेड्यात आले आणि मास्तरांच्या कामाची कड नाहीशी झाली. आता विद्यार्थी मास्तरांकडे येत नव्हता. मास्तर विद्यार्थ्यापर्यंत जाऊ लागले. गावात पदवीधर माणूस एकटाच, म्हणून सातबाऱ्यावरची नोंद वाचून दाखविणे, मुंबईच्या गिरणीतल्या मुलाला पत्र लिहिणे, कोर्टाचे समन्स आले की त्याचा अर्थ सांगणे, ही कामे त्यांच्याकडे चालत आली. ती कोणी नेमून दिली नव्हती आणि नाकारणेही शक्य नव्हते. १९५९ साली सरकारने ९०० रुपयांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ केली. पुढे ही मर्यादा १२०० रुपयांवर गेली. त्या ई. बी. सी. सवलतीने किती घरांतला पहिला मुलगा हायस्कुलात गेला, हे या सभागृहातील वडीलधारी मंडळीच सांगू शकतील. परंतु अडाणी बापाला उत्पन्नाचा दाखला कोठे मिळतो ते सांगणारा, अर्ज भरून घेणारा आणि तलाठ्याच्या सहीसाठी मुलाला पुन्हा पाठविणारा कोण होता? वर्गशिक्षक. सवलत सरकारने दिली आणि ती घरापर्यंत मास्तरांनी पोचविली. योजना चांगली, परंतु तिचे कागद करण्यास वेगळा माणूस नाही, हा प्रकार तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे.

पगाराची स्थिती काय होती? खाजगी संस्थेला सरकारने अनुदान द्यावे ही पद्धत १८५४ च्या वुडच्या खलित्यापासूनची. अनुदान संस्थेकडे येई आणि संस्था मास्तरांना पगार देई. पूर्ण रकमेवर सही आणि हातात कमी, हा अनुभव सांगणारे निवृत्त शिक्षक आम्हाला भेटले आहेत. संस्थांची नावे घेण्याचे येथे कारण नाही. त्याग करून शाळा चालविणाऱ्या संस्थाही पुष्कळ होत्या. पण त्यागाची वाटणी मास्तरांच्या पाकिटातून व्हावी, हे आमच्यासारख्याला पटत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी कमी करायचे आणि जूनमध्ये पुन्हा नेमायचे, हा प्रकार तर आम्ही कारखान्यात 'हंगामी' म्हणून स्वतः भोगला आहे. तेथे निदान त्याला हंगामी म्हणत.

हे थांबविण्यासाठी महाराष्ट्र सरकारने १९७७ साली खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा केला. तो १९८१ साली नियमांसह अमलात आला. दोन वर्षांचा परिवीक्षा काळ समाधानकारक पार पाडला की नोकरी कायम. चौकशीवाचून काढता येणार नाही. काढलेच तर ३० दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येईल. पगारही थेट बँकेत जमा होऊ लागला. मास्तरांच्या कण्यात जे बळ आले ते या कायद्याने आले, असे आमचे स्पष्ट मत आहे. आता काहींच्या कण्याला त्यामुळे खुर्चीची सवय लागली, हेही खरे. संघटनेत काम केलेल्या माणसाने ते झाकून ठेवू नये.

येथे एका खटल्याची हकीकत सांगितली पाहिजे. गोव्यातल्या एका शाळेने शिक्षिकेला कामावरून काढले. त्या औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागू लागल्या, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ए. सुंदरम्बाळ विरुद्ध गोवा, दमण व दीव सरकार या नावाने तो खटला प्रसिद्ध आहे. १९८८ साली निकाल लागला. शाळा हा त्या कायद्याच्या अर्थाने उद्योग असला, तरी शिक्षक हा 'कामगार' नव्हे. कारण तो अंगमेहनतीचे, तांत्रिक किंवा कारकुनी काम करीत नाही. तो मुलांना घडवितो, आणि कारकुनी काम काही असलेच तर ते मुख्य कामाच्या अनुषंगाने येते. शिक्षकांच्या तंट्यांसाठी काही वेगळी सोय असावी, असेही न्यायालयाने सुचविले होते.

हा निकाल आम्ही वाचनालयात बसून शब्दकोश शेजारी ठेवून वाचला. शिक्षकाच्या कामाला थोर म्हटले म्हणून कोण तक्रार करील? परंतु थोर म्हणून तो कामगारांच्या कायद्याबाहेर आणि नोकर म्हणून हुकमाच्या आत, अशी त्याची स्थिती झाली. २००४ साली ग्रॅच्युइटीच्या प्रश्नावरही असेच घडले. शिक्षक त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, असे न्यायालयाने सांगितले. अखेर संसदेला २००९ साली व्याख्या बदलावी लागली आणि ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू केली गेली. मधल्या काळात जे रिकाम्या हाताने निवृत्त झाले, त्यांना थोरपणाचा काय उपयोग झाला असेल?

आणि त्या अनुषंगाने येणाऱ्या कारकुनी कामाचे आज काय झाले आहे? कोणत्याही हायस्कूलच्या शिक्षक-खोलीत जाऊन पाहावे. पूर्वी हजेरीचा कॅटलॉग, टाचणवही आणि निकालपत्रक एवढे कागद होते. आता मुलांची माहिती एका संगणकीय पोर्टलवर, शाळेची दुसऱ्यावर, शिष्यवृत्तीची तिसऱ्यावर भरावयाची. मुलांच्या संख्येवर तुकड्या आणि तुकड्यांवर शिक्षकांची पदे ठरतात, याला संचमान्यता म्हणतात. अलीकडे त्या संख्येत आधार क्रमांक जुळलेलीच मुले धरली जातात. मूल बाकावर बसले आहे, प्रश्नाला उत्तर देत आहे, पण आधारवर नावाची वेलांटी चुकली असेल तर ते हिशेबात नाही! मग वर्गशिक्षक त्या मुलाच्या बापाला घेऊन आधार केंद्रावर रांगेत उभा. पाचवी ते आठवीच्या मुलांना दुपारचा आहार आहे. तो मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने चाखावा आणि तशी नोंद करावी. शिवाय निवडणूक आहे, जनगणना आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने या दोन्ही आणि आपत्तिनिवारण सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकाला देऊ नयेत असे म्हटले आहे. ते आठवीपर्यंतच्या शिक्षणापुरते. त्याच कायद्याने आठवड्याचे ४५ तास ठरविले आणि त्यांत पाठाच्या तयारीचा वेळही धरला. म्हणजे आमचे मुरगूडचे सर सकाळी सातवीच्या वर्गात असतात तेव्हा त्यांच्या तयारीचा वेळ कायद्याने मोजलेला असतो, आणि दुपारी दहावीच्या वर्गात गेले की तो मोजणीतून सुटतो.

वास्तविक हा प्रश्न जगाने फार पूर्वी मांडला होता. ५ ऑक्टोबर १९६६ रोजी पॅरिस येथे युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या पुढाकाराने शिक्षकांच्या दर्जाविषयी एक शिफारसपत्र मंजूर झाले. शिक्षकाचे तास ठरविताना मुलांची संख्या, तयारीचा वेळ आणि वह्या-पेपर तपासण्याचा वेळ धरावा, आणि ते तास शिक्षकांच्या संघटनांशी बोलून ठरवावेत, असे त्यात आहे. त्याच १९६६ साली कोठारी आयोगाचा अहवाल आला. त्याआधी १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने वर्गात ४० पेक्षा अधिक मुले असू नयेत असे लिहून ठेवलेच होते. आमच्या वेळच्या वर्गात आम्ही सत्तरजण होतो. शेवटच्या बाकावर बसलेल्या आमचे नाव सरांना कसे पाठ होते, हे कोडे आम्हाला अजून सुटलेले नाही. ५ सप्टेंबरला आपण शिक्षकांना हार घालतो. ५ ऑक्टोबरचे शिफारसपत्र मात्र आपल्याकडे कोणी वाचीत नाही.

आता जवळच्या काळातली एक गोष्ट, जी आम्हाला सर्वांत अधिक टोचते. २००० सालापासून नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे 'शिक्षणसेवक' म्हणून मानधनावर नेमण्याची पद्धत आली. माध्यमिक शिक्षणसेवकाला कित्येक वर्षे महिना ८००० रुपये मिळत, ते २०२३ साली १८००० झाले. २००१ साली नव्या शाळांना 'कायम विनाअनुदान' तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण आले. २००९ साली त्यातला 'कायम' शब्द गळला, पण अनुदानाचा पहिला टप्पा मिळण्यास पुढे आणखी वर्षे गेली. तोवर शाळेचा तास संपवून दुसऱ्याच्या शेतात किंवा दुकानात राबणारे बी. एड. झालेले तरुण आम्ही पाहिले आहेत. १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमलेल्यांची जुनी पेन्शन गेली. याचा परिणाम असा की, एका शिक्षक-खोलीत एकाच टेबलाभोवती चार शिक्षक बसले आहेत. एकाला पूर्ण पगार व पेन्शन, दुसऱ्याला पगार आहे पण ती पेन्शन नाही, तिसरा मानधनावर, चौथा टप्प्याच्या अनुदानाची वाट पाहणारा. चौघांच्याही हातात तोच खडू आणि समोर तीच मुले. कारखान्यात असे झाले असते तर आम्ही गेट बंद केले असते, असे म्हणण्याची आम्हाला ऊर्मी येते. पण कंत्राटी कामगाराच्या बाबतीत आम्ही तरी काय करू शकलो? असो.

पेन्शनसाठी १४ मार्च २०२३ रोजी राज्यभर संप झाला. शिक्षक त्यात होते, आणि दहावी-बारावीच्या परीक्षा चालू होत्या. २० मार्चला संप मिटला. त्याच दिवसांत कोल्हापुरात बेकार तरुणांनी संपाच्या विरोधात मोर्चा काढला होता. मुरगूडच्या बाजारात ओळखीच्या एका शेतकऱ्याने आम्हाला चहाच्या गाड्याजवळ अडविले. म्हणाला, "आण्णा, आमी रातीच्या लाइटीला उसाला पाणी पाजायला जातोय, आमास्नी कुठली पेन्शन? आन् माझ्या पोरीचा पेपर तोंडावर असताना मास्तरास्नी संप सुचतोय व्हय?" आम्ही त्याला कायदा सांगितला, निवृत्तिवेतन म्हणजे लांबणीवर टाकलेला पगार कसा, हे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि चहाचे पैसे स्वतः दिले. आमचे म्हणणे चूक नव्हते, पण त्याला ते पोचले नाही. त्याला मास्तरांचा पगार ठाऊक होता, काम ठाऊक नव्हते. ते त्याला कोणी सांगितलेच नव्हते, आणि त्यात शिक्षकांच्या संघटनांइतकेच आम्हीही दोषी आहोत. २०२५ साली यमग्याच्या मेंढपाळ कुटुंबातले बिरदेव डोणे लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हा साऱ्या तालुक्याने गुलाल उधळला, आणि उधळावाच. पण अशा एका मुलाच्या मागेपुढे बसलेली जी साठ मुले असतात, त्यांतला कोण ऊसतोडीच्या हंगामात गळाला, कोणाच्या घरी जाऊन त्याला परत आणला, याची नोंद कोणत्या वर्तमानपत्रात येते?

म्हणून आम्ही एका स्नेह्यांना गळ घातली. ते विज्ञान आणि गणित शिकवितात. नाव सांगू नका म्हणाले. आम्ही म्हटले, एका दिवसाचे काम घड्याळ लावून लिहून द्या. त्यांनी जुलैतला एक दिवस लिहिला. ती वही आम्ही बरोबर आणली आहे.

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पहिली नोंद आहे. सुरुपलीहून पालकाचा फोन, बंधाऱ्यावर पाणी आले आहे, पोरांना पाठवू का? 'पाठवू नका म्हटले. चाचणी पुन्हा घेईन म्हटले.' मग शाळा, प्रार्थना, हजेरी. कुरणीची मुले आली होती. तिकडे पाणी अजून खाली होते. पहिले तीन तास सलग. चौथा तास मोकळा, त्यात रजेवरच्या शिक्षिकेच्या वर्गावर बदली तास. दुपारी आहार चाखून सही. जेवणाच्या सुट्टीत शिष्यवृत्तीच्या दोन मुलींचे बँकखाते आधारला जोडले नाही म्हणून बँकेत फोन. दोन वाजल्यापासूनच्या नोंदी मात्र भराभर आहेत. 'पाऊस वाढला. शिपायाला पाणी बघायला धाडले. दोन वीस, चार बोटे राहिलीत म्हणतो. हेडमास्तरांशी बोललो. लवकर सोडले आणि पाणी चढलेच नाही तर वरून विचारणा, नाही सोडले आणि चढले तर पोरं इकडे अडकणार. दोन पस्तीस, कुरणीच्या मुलांना सोडले. मी आणि पी. टी.चे सर बंधाऱ्यापर्यंत बरोबर. लहान मुलांचे हात मोठ्यांच्या हातात दिले. पलीकडून शेवटच्या मुलीने छत्री हलविली तेव्हा तीन दहा. परत येऊन नववीचा तास घेतला.'

शाळेच्या घड्याळ्याच्या हिशेबात हा वेळ कोठेच बसत नाही. तास बुडाला, एवढीच त्याची नोंद होऊ शकते. दोघे मिळून पस्तीस मिनिटे नदीकाठी भिजत उभे होते, आणि त्या पस्तीस मिनिटांत त्यांनी जो निर्णय घेतला तो चुकला असता तर दुसऱ्या दिवशी सगळ्या जिल्ह्याला त्यांची नावे ठाऊक झाली असती. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या आपणांस याहून अधिक सांगावयास नको.

पाच वाजता घंटा झाली. त्यानंतरच्या नोंदी पुढीलप्रमाणे आहेत. साडेपाच ते साडेसहा, पोर्टलवर माहिती, मध्ये दोनदा लाइट गेली. घरी चहा. साडेसात ते नऊ, चाचणीचे पेपर, अठ्ठावीस झाले, बाकीचे उद्या. उद्याच्या पाठाचे टाचण. आणि शेवटची ओळ अशी आहे:

'रात्री नऊ चाळीस. कुरणीहून फोन. पोरगी पोचली म्हणून सांगायला केला होता. तिची गणिताची वही माझ्याकडेच राहिली आहे, उद्या कशी द्यायची ते बघतो म्हटले.'